रियाज, रेंज आणि रिलेशनशिप

रात्रीचे पावणेदोन. पुण्यातल्या एका हॉस्टेलच्या जिन्यात बसून ती दबक्या आवाजात फोनवर बोलतेय. तो नागपुरात, इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला. गेल्या डिसेंबरात 'सवाई'च्या मंडपात ओळख झाली. तो चहा आणायला उठला, तिने त्याची जागा धरून ठेवली, आणि निघताना नंबर घेतले गेले. 'आपलं नक्की काय आहे?' हे अजून दोघांनीही विचारलेलं नाही. फोन मात्र रोज. आणि पहाटे साडेपाचला तिला तंबोरा लावून खर्जात बसायचंय.

महिनाभरात व्हायचं तेच झालं. आवाज बसला. गुरुजींसमोर षड्ज लावला तर तो घोगरा. गुरुजी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, 'गळा रात्रभर जागा दिसतोय.' तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विशारदची परीक्षा तोंडावर. तिने आम्हाला मेसेज केला : सांगा, गाणं सोडू की त्याला?

आम्ही म्हणतो, बाई गं, प्रश्नच चुकलाय.

कलेसाठी सगळ्यावर पाणी सोडलं, अशा गोष्टी ऐकतच आपण मोठे होतो. त्या खोट्या नाहीत, पण तेवढ्याच खऱ्या आहेत असंही नाही. गंगूबाई हनगल सवाई गंधर्वांकडे शिकायला हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने जायच्या. घरी मुलं होती, संसार होता, पैशांची ओढाताण होती. त्यांनी माणसं सोडून गाणं केलं नाही. गाण्याची वेळ मात्र सोडली नाही. फरक आहे तो इथे.

गाण्याच्या अभ्यासाची एक अडचण बाहेरच्यांना चटकन कळत नाही. सबमिशन आदल्या रात्री जागून उरकता येतं. रियाज नाही उरकता येत. आज बुडलेला खर्ज उद्या दुप्पट करून भरून निघत नाही. त्यात गायकाचं वाद्य म्हणजे त्याचं शरीर. झोप बुडाली की ते उतरतं, आणि कुजबुजून बोललं म्हणून गळ्याला विश्रांती मिळत नाही. हे त्याला माहीत असण्याचं कारणच नाही. त्याच्यासाठी रात्री दोनपर्यंत बोलणं म्हणजे फक्त उद्याचं पहिलं लेक्चर बंक!

मग सांगायचं कुणी? तिनेच. पण 'मी बिझी आहे' असं नको. त्या वाक्याने समोरचा माणूस फक्त दुखावतो. 'साडेपाचला उठते, म्हणून दहानंतर फोन नाही. परीक्षेपर्यंत रोज वीस मिनिटं, रविवारी निवांत,' असं स्पष्ट सांगायचं. वेळ ठरवल्याने प्रेमातली गंमत जाते, असं वाटतं खरं. पण फोन कधी येईल म्हणून दिवसभर स्क्रीनकडे बघत बसण्यात तरी कसली गंमत? तंबोरा चालू आणि नजर मोबाइलवर, हा रियाज नव्हे आणि प्रेमही नव्हे.

या दोघांनी एकदा व्हिडिओ कॉलवर एकत्र गाऊन पाहिलं म्हणे. सम काही केल्या जुळेना! जुळणार कशी? आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो, आणि लय क्षणभरही थांबत नाही. वर अ‍ॅपने तंबोऱ्याच्या सुराला गोंगाट समजून गाळून टाकलं. दोघं खूप हसले. त्यात शिकण्यासारखंही आहे. सगळंच फोनवर नेता येत नाही. तिच्या दिवसातले काही तास त्याच्याविना जाणार, त्याच्या दिवसातले तिच्याविना. ते तास म्हणजे दुरावा नव्हे.

दोन गोष्टी मात्र नीट बघा. एवढं समजावूनही समोरचा 'मी की गाणं?' असं विचारत असेल, तर ते त्याचं उत्तरच समजा. आणि रियाजाची ढाल करून तुम्हीच नात्याला टाळत असाल, तर तेही स्वतःशी कबूल करा. अवघड बोलणं आलं की 'क्लास आहे' म्हणून फोन ठेवणं, हीसुद्धा बेसूर गोष्टच.

विलंबित एकतालाचं एक आवर्तन संपायला कधी कधी मिनिटभर लागतं. मधल्या वेळात गायक घाबरत नाही, कारण ठेका चालू आहे आणि सम कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं. नव्या नात्यालाही एवढा दम द्यायला काय हरकत आहे?

ता. क. : तिने त्याला सांगितलं. तो दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्याचा मेसेज आला : 'उठलीस का? मी झोपतोय परत. तू बस.'