एका झाडावर पन्नास मिनिटं

मृग जवळ आला की फोनवर काजवे यायला लागतात. या आठवड्यात तर एकच फोटो चहूबाजूंनी आला. शाळेच्या वर्गमित्रांनी पाठवला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि भाचीनं पाठवला तो ‘मामा, हे खरंच असं दिसतं?’ या प्रश्नासकट. फोटोत एक डेरेदार सादडा आहे, मागे धरणाचं पाणी, वर चांदण्याच चांदण्या, आणि झाडावर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांचा असा थर, की पान दिसायला जागा नाही. खाली गवतावरही ठिपक्यांचा सडा. सोबत मजकूर: ‘भंडारदरा, काल रात्री. चुकवू नका.’

माझा राग फोटोवर नाही, या मजकुरावर आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेच्या अखेरीपासून पाऊस नीट लागेपर्यंत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती मुतखेल, पांजरे, घाटघर या पट्ट्यात काही ठरावीक झाडं काजव्यांनी भरतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर. राजमाचीला आणि पुरुषवाडीलाही भरतात. काजवा हा भुंग्याच्या जातकुळीतला कीटक. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि उष्णता जवळजवळ न होता उजेड पडतो. नर लुकलुकून साद घालतो, मादी लुकलुकून उत्तर देते. अळी असताना महिनोन्महिने ओल्या मातीत गोगलगायी खाऊन काढलेल्या या जिवाला पंख फुटल्यावर जेमतेम काही आठवडे मिळतात, आणि त्यातच जोडीदार शोधायचा असतो.

आता तो फोटो. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा. तिन्हीसांजेला थोडा उजेड असतानाच चौकट ठरवून झाडाचा एक फोटो काढून ठेवायचा, फोकस हातानं लावायचा आणि मग त्या रिंगला पुन्हा बोट लावायचं नाही. अंधार पडला की लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ 1600 ते 3200, शटर 30 सेकंद. अशा एका फ्रेममध्ये ठिपके उमटतात, पण मोजकेच. म्हणून शटर आपोआप पुन्हा पुन्हा उघडेल अशी व्यवस्था करून तशा शंभर फ्रेम घ्यायच्या. घरी आल्यावर त्या कॉम्प्युटरवर एकावर एक रचायच्या आणि प्रत्येकीतला उजळ ठिपका तेवढा राखायचा. शंभर वेळा 30 सेकंद म्हणजे पन्नास मिनिटं. त्या पन्नास मिनिटांत झाडावर जिथे जिथे काजवा चमकला, ती प्रत्येक जागा आता एकाच चित्रात आहे. एकच काजवा उडत उडत दहा ठिकाणी चमकला असेल, तर दहा ठिपके. वरच्या चांदण्या मात्र एकाच फ्रेममधल्या, नाहीतर पन्नास मिनिटांत त्यांच्या रेघा झाल्या असत्या. फोन हातात आल्या आल्या मी आधी चांदण्या पाहतो, त्या यासाठी.

हे कसब आहे आणि मला ते मनापासून आवडतं. दमट हवेत लेन्सवर सारखी वाफ धरते, कुणीतरी वाटेनं बॅटरी घेऊन जातं आणि वीस फ्रेम वाया जातात, पाऊस शिंतडतो. त्यातून असा फोटो हाती लागतो तेव्हा तो कष्टानं मिळवलेला असतो. पण मग ‘शंभर फ्रेम एकत्र करून’ हे चार शब्द लिहायला काय हरकत आहे? ते लिहिले नाहीत की बघणाऱ्याला वाटतं, झाड डोळ्यांनाही असंच दिसतं. तसं ते दिसत नाही. प्रत्यक्षात झाडावरचे शेकडो नर एकदम लुकलुकतात, मग सगळं झाड क्षणभर काळं होतं, मग पुन्हा. कधी एका फांदीपासून दुसऱ्या फांदीपर्यंत लाट सरकत जाते. ती उघडझाप, तो मधला काळा क्षण, हीच तर काजव्यांच्या झाडाची सगळी गंमत. आणि रचलेल्या फोटोत नेमकं तेच पुसलं जातं.

याचा परिणाम मी शेजारीच पाहिला. आमच्या मजल्यावरचं एक कुटुंब हाच फोटो पाहून शनिवारी निघालं. घोटीपर्यंत वाहनांची रांग, पोहोचायला रात्रीचे दहा वाजून गेलेले, मुलं मागच्या सीटवर झोपलेली. गाडी थांबली ती झाडाच्या समोर, हेडलाइट चालू. लग्नाच्या मांडवावर दिव्यांच्या माळा सोडाव्यात तसं झाड लखलखत असेल अशी त्यांची अपेक्षा. तसं काही दिसेना म्हणून हेडलाइट आणखी वर केले, मग मोबाईलचे फ्लॅश. मागून आलेल्या गाड्यांनीही तेच केलं. एवढ्या उजेडात ना नराची साद मादीपर्यंत पोहोचत, ना माणसाला काही दिसत. परत आल्यावर शेजारी मला म्हणाले, “काका, निव्वळ फसवणूक आहे हो.” मला त्यांचा राग आला नाही. त्यांना कुणीतरी एक दृश्य कबूल केलं होतं, आणि ते शोधायला ते गेले होते.

न सांगण्यावरून एक जुनं प्रकरण आठवलं. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमतर्फे वन्यजीव छायाचित्रांची स्पर्धा होते. 2017 साली तिच्यात ब्राझीलमधल्या एमास राष्ट्रीय उद्यानातला एक फोटो आपल्या गटात पहिला आला. वाळवीचं उंच वारूळ, त्यावर चमकणाऱ्या भुंग्याच्या अळ्यांचा हिरवा उजेड, आणि पायथ्याशी भला मोठा मुंगीखाऊ. एप्रिल 2018 मध्ये म्युझियमनं तो बाद केला. हा मुंगीखाऊ म्हणजे उद्यानाच्या दारातल्या माहिती केंद्रात ठेवलेला पेंढा भरलेलाच असावा, असं तज्ज्ञांचं मत पडलं. छायाचित्रकारानं ते नाकारलं, पण निर्णय फिरला नाही. लक्षात घ्या, अळ्यांचा उजेड खरा होता आणि तो टिपायला शटर बराच वेळ उघडं ठेवलं होतं, यावर कुणाचाही आक्षेप नव्हता. शंभर फ्रेम रचणं हे पेंढा भरलेलं जनावर ठेवण्यासारखं अजिबात नाही. पण ते सांगायचं टाळलं, तर वाचकानं दोन्हींत फरक कसा करायचा?

आणि अंधाराचं काय? त्याबद्दल कुणीच लिहीत नाही, म्हणून मीच लिहितो. उजेडातून आलेल्या डोळ्याला अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. डोळ्याच्या पडद्यावर मंद उजेड टिपणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्यांच्यातलं द्रव्य प्रखर उजेडानं उडतं आणि हळूहळू पुन्हा साठतं. मध्येच मोबाईलचा पडदा उजळला की सगळं पहिल्यापासून. शहरात राहणाऱ्या आपल्याला ही वीस मिनिटं सलग कधीच मिळत नाहीत. जिन्यात दिवा, पार्किंगमध्ये दिवा, फाटकाशी दिवा. खरी रात्र कशी असते ते आपल्या मुलांना माहीतच नाही, आणि याचं मला काजव्यांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

घाटघरच्या वाटेवरच्या एका वाडीत मी ज्यांच्याकडे उतरतो, त्या घरमालकांचा शिरस्ता आहे. जेवणं झाली की घरातला दिवा बंद, मोबाईल खिशात, सगळ्यांनी ओट्यावर बसायचं. गेल्या खेपेला पुण्याहून आलेल्या एक बाई अस्वस्थ होऊन सारखं विचारत होत्या, “दादा, काजवे आहेत तरी कुठे?”

“हायेत तिथंच हायेत, ताई. आधी डोळं निवू द्या.”

बाई गप्प बसल्या. थोड्या वेळानं समोरच्या गोठ्याची कौलं वेगळी दिसायला लागली, मग बैलाचं शिंग, मग वाटेचा पांढुरका पट्टा, आणि त्या वाटेच्या कडेला, गवतात, इतका वेळ होतेच असे काजवे. बाईंनी आपल्या मुलाचं तोंड हलकेच तिकडे वळवलं. एक काजवा माझ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर येऊन बसला. शेवटच्या दोन कड्यांत उजेड भरायचा आणि ओसरायचा, आणि भरला की पट्ट्यावरची दोऱ्याची शिवण टाका न टाका दिसायची. त्याचा फोटो घ्यायला दुसरा कॅमेरा काढावा असं मला वाटलं नाही.

ज्यांना या रविवारी निघायचं आहे त्यांच्यासाठी: दिवस मावळायच्या आत पोहोचा, गाडी गावातच ठेवा आणि झाडापर्यंत चालत जा. पायांखाली पाहायला बॅटरी लागतेच. तिच्या काचेवर लाल जिलेटिन पेपरचे दोन पदर रबरबँडनं बांधा, लाल उजेडानं सरावलेला डोळा फारसा बिघडत नाही. तो पेपर घरूनच न्या, तिथल्या दुकानात मिळेलच असं नाही. फोटो काढलात तर अवश्य पाठवा, फ्रेम किती ते लिहून.