कायद्यांतील ‘कुटुंब’

कुटुंब कोणास म्हणावें, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरीं सहसा उद्भवत नाहीं. पंगतीला जितकीं पानें मांडलीं जातात तितकें कुटुंब. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळास मात्र १९७८ सालीं या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें द्यावें लागलें.

न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंड भागांत विलोब्रुक नांवाची सरकारी शाळा होती. शाळा नांवापुरतीच, बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांचा तो कोंडवाडा होता. चार हजारांच्या जागेंत एके काळीं सहा हजारांहून अधिक माणसें, त्यांत लहान मुलें पुष्कळ. १९६५ मध्यें सेनेटर रॉबर्ट केनेडी यांनीं ती पाहून उघडपणें संताप व्यक्त केला. तरी फारसें कांहीं हाललें नाहीं. १९७२ च्या आरंभीं दूरचित्रवाणीनें आंतील दृश्यें घरोघर दाखविलीं. त्याच वर्षीं आईबाप न्यायालयांत गेले. आणि १९७५ च्या तडजोडीच्या हुकूमनाम्यान्वये या माणसांना भरवस्तींतील लहान लहान घरांत नेऊन ठेवण्याचें राज्यानें पत्करलें.

खरी अडचण येथून पुढें. तिकडे नगरपालिका कांहीं भाग एकेका कुटुंबाच्या घरांसाठीं राखून ठेवतात. एकत्र राहणारीं आठदहा अपंग माणसें म्हणजे कुटुंब नव्हे, असें शेजाऱ्यांस म्हणतां येई. एरवीं सुशील असलेलीं माणसें अशा वेळीं नियमांचें पुस्तक किती तत्परतेनें उघडतात, हें पाहावयास अमेरिकेस जावें लागत नाहीं!

सेनेटर फ्रँक पॅडव्हन यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानें हीच वाट बंद केली. चार ते चौदा जणांचें असें घर स्थानिक नियमांपुरतें एक कुटुंबच मानावें, असें त्यानें ठरविलें. घर उघडण्यापूर्वीं नगराध्यक्षास लेखी कळवावयाचें. चाळीस दिवसांत नगरानें संमति द्यावी, दुसरी जागा सुचवावी, किंवा हरकत घ्यावी. हरकतीस कारण एकच: अशीं घरें त्या भागांत आधींच इतकीं झालीं आहेत कीं, आणखी एकानें वस्तीचें स्वरूपच पालटेल. घरांच्या किमती उतरतील, हें कारण चालत नाहीं. तथापि इतर कोणी बिऱ्हाड मांडतांना नगराध्यक्षास पत्र धाडीत नाहीं. यांनाच तें धाडावें लागावें, हें आम्हांस खटकतें. विलोब्रुक १९८७ मध्यें बंद झालें.

आपल्याकडे अपंग माणूस घरांतच सांभाळला जातो, हा अभिमान खोटा नव्हे. पण सांभाळतें कोण? बहुधा आई, नाहीं तर थोरली वहिनी. आणि त्यांच्यामागें कोण, हें एकत्र कुटुंबांतही हळू आवाजांतच विचारलें जातें. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पांचव्या कलमानें समाजांत राहण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि अमुकच ठिकाणीं राहण्याची सक्ति होऊं नये यासाठीं सरकारनें प्रयत्न करावा, असेंही म्हटलें आहे. चार प्रौढ अपंगांनीं मिळून भाड्यानें जागा मागितल्यास गृहनिर्माण संस्थेनें त्यांस कुटुंब समजावें, असें मात्र त्या कलमांत कोठें लिहिलेलें नाहीं.