सिस्टरचा स्वभाव

'सिस्टर स्वभावाने बऱ्या नव्हत्या हो!' दवाखान्यातून घरी आलेल्या पेशंटकडून हे हमखास ऐकू येतं. स्वभावाचा कामाशी संबंध असतोच. परिचारिकांवर झालेल्या अभ्यासांतही साधारण हेच दिसतं, की काटेकोर आणि माणसांत रमणाऱ्या सिस्टर कामात जास्त जीव ओततात. सतत काळजी करणाऱ्या लवकर थकतात.

पण मैत्रिणींनो, स्वभाव म्हणजे काही न आटणारी विहीर नव्हे! भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार साध्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक सिस्टर हवी, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात तीनमागे एक. मी मात्र रात्रपाळीला तीस-तीस खाटा एकटीने सांभाळणारी सिस्टर पाहिली आहे. ती चिडली, तर तो तिचा स्वभाव म्हणायचा की तिची ड्यूटी? शिवाय काटेकोर बाईला काम अर्धवट टाकून घरी जाववत नाही. म्हणजे जी मनापासून करते, तिच्याच गळ्यात जास्त काम.

म्हणून मला वाटतं, तिला 'गोड बोला' शिकवण्याआधी तिच्या जोडीला दुसरी सिस्टर द्या. आणि आपण? तक्रार करण्याआधी वॉर्डातल्या खाटा तरी मोजूया.