हेक्टरी सहा लाख, माणशी किती?

सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2025 रोजी ‘वनशक्ती’ खटल्यातला आपलाच मे महिन्यातला निकाल मागे घेतला, आणि त्यानंतर आमच्याकडे आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच होता: सुटलो बुवा, नोकऱ्या वाचल्या! वणीहून, उमरेडहून, कोरब्याहून. एका ओव्हरमन मित्राने तर पेढे वाटल्याचे कळवले. त्यांच्या तोंडातला पेढा काढून घ्यायचा नाही. पण नेमक्या कोणाच्या नोकऱ्या वाचल्या, एवढे त्यांनी आम्हाला सांगावे.

16 मे रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी काम आधी सुरू करायचे आणि पर्यावरण मंजुरी मागाहून आणायची, ही वाट बंद केली होती. 2017 ची अधिसूचना आणि 2021 चे ज्ञापन दोन्ही रद्द झाले. आधीच मिळालेल्या मंजुऱ्यांना मात्र त्या निकालाने हात लावला नव्हता. नोव्हेंबरात सरन्यायाधीश गवई यांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो मागे घेतला; न्या. भुयान विरोधात राहिले. आता प्रकरण नव्याने ऐकले जाईल. ज्या खाणीची पर्यावरण मंजुरी (ईसी) धड आहे तिला मे महिन्यात काही धोका नव्हता आणि नोव्हेंबरात काही लाभही झालेला नाही. अडचण होती ती मंजुरीविना काम सुरू करणाऱ्यांची आणि मंजूर क्षमतेच्या वर कोळसा काढून बसलेल्यांची. ते जादा टन ओव्हरमनने किंवा सरदाराने आपल्या मनाने काढलेले नसतात.

‘पर्यावरणवाले नोकऱ्या खातात’ हे वाक्य आपल्या क्षेत्रात इतके रुळले आहे की कोणी ते तपासतच नाही. 2009 च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर देशात चौथे होते, 83.88 गुणांवर, कोरबा पाचवे, 83 वर. जानेवारी 2010 मध्ये अशा ठिकाणी नव्या आणि विस्तारित प्रकल्पांच्या मंजुऱ्या थांबवल्या, तेव्हाही हीच ओरड झाली होती. चालू खाणीवरचा एकही माणूस त्या आदेशाने घरी बसण्याचे कारण नव्हते, कारण तो आदेश चालू खाणींना लागूच नव्हता. मग माणसे गेली कुठे? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोल इंडियाचे उत्पादन वर्षाला सुमारे 20 कोटी टन होते आणि हजेरीपटावर साडेसहा लाखांच्या आसपास माणसे होती. 2024-25 मध्ये उत्पादन 78 कोटी टनांवर गेले आणि माणसे सव्वादोन लाखांच्या आत आली. उत्पादन चौपटीच्या घरात, माणसे तिसऱ्या हिश्श्यावर. हे काम शॉव्हेल-डंपरने केले, ओबीच्या, म्हणजे कोळशावरच्या माती-दगडाच्या, आउटसोर्सिंग पॅचने केले, निवृत्तीनंतर न भरलेल्या जागांनी केले. झाडाने केले नाही, आणि हरित लवादानेही नाही.

इकडे भिलाईतही वेगळे काय घडले? पोलाद कारखान्यात एकेकाळी साठ हजारांच्या वर कायम कामगार होते. आज त्याच्या चौथाईहूनही कमी आहेत. याच कारखान्याच्या दल्ली-राजहराच्या लोहखाणीत शंकर गुहा नियोगींच्या युनियनने पूर्ण यांत्रिकीकरणाला विरोध केला तो हात जोडून नव्हे, तर निम-यांत्रिकीकरणाचा हिशेब मांडून. आणि तीच युनियन खाणीच्या लाल पाण्याने गाळ साचलेल्या शेतांबद्दलही बोलत होती. रोजगार आणि पर्यावरण हे दोन फड आहेत असे तिला वाटले नाही. नियोगींचा 1991 मध्ये याच शहरात खून झाला. आपल्या कोळसा युनियनांनी त्या हिशेबाची वही तेव्हाच उघडून पाहायला हवी होती. त्यांना बोनसच्या बैठकीतून सवड मिळाली नाही.

आता खरे गाऱ्हाणे. खाण बंद होते तेव्हा माणसाचे काय होते, हे आपल्या कुठल्या कागदात लिहिलेले आहे? माइन क्लोजर प्लॅन काढा. खाण बंद करण्यासाठी बाजूला ठेवायच्या पैशाचे, एस्क्रोचे, दर बघा. 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ओपनकास्टला हेक्टरी 6 लाख आणि अंडरग्राउंडला हेक्टरी 1 लाख रुपये ठरले. 2020 मध्ये दर वाढले, मोजमाप हेक्टरचेच राहिले. हा पैसा जमिनीसाठी आहे, डंपचा उतार, माती, झाडे, कुंपण यांसाठी आहे, हे मान्य. पण गंमत पाहा: जिथे टनामागे सर्वाधिक माणसे राबतात त्या अंडरग्राउंडच्या बंद होण्याला सर्वांत कमी पैसा, आणि बंद होतात त्या बहुतेक अंडरग्राउंडच. पेंच-कन्हानच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. तिथल्या कायम कामगाराची बदली होते. ठेकेदाराच्या माणसाची बदली कुठे करणार? तो त्या कागदात कधी नव्हताच.

आणि कागद पूर्ण तरी होतात का? अंतिम क्लोजर प्रमाणपत्र देशात पहिल्यांदा मिळाले ते 2025 साली, बैतूल जिल्ह्यातल्या पाथाखेडा आणि सातपुडा इथल्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) तीन भूमिगत खाणींना. नियम 2009 चा. सोळा वर्षे! तोवर कोळसा निघणे कधीच थांबलेल्या खाणींवर पंप चालू, पंपखलाशी चालू, मॅनेजरची सही चालू. अशाच एका खाणीतले सर्व्हेअर लिहितात की त्यांच्या क्लोजर प्लॅनवर तीन वेळा शेरा आला आणि तिन्ही वेळा तो झाडांच्या जगण्याच्या टक्केवारीवर होता. खाणीत किती माणसे होती, ती आता कुठे आहेत, असे एकाही अधिकाऱ्याने विचारले नाही. शेरे मारणाऱ्या साहेबांनी कधी टाइम ऑफिसात पाऊल ठेवले असते तर बरे झाले असते.

2025 च्या नव्या तत्त्वांत स्थानिक समाज आणि उपजीविका हे शब्द ठळक आले आहेत. शब्द आले म्हणून हुरळून जाऊ नका. ते भरणार कोण? दर 1 जून आणि 1 डिसेंबरला जाणारे पर्यावरण मंजुरीचे अनुपालन अहवाल कसे भरले जातात ते आपण सगळे जाणतो. मागच्या फाइलवरची तारीख बदलायची की अहवाल तयार. हे पाप केवळ मंत्रालयाचे नाही, आपल्यातल्या आळशांचेही आहे.

त्यात 21 नोव्हेंबरपासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1952 चा खाण कायदा सुरक्षा संहितेत विरला. नवे नमुने, नवी नोंदवही, नवे पोर्टल यांची धांदल आता सुरू होईल. अशा धांदलीत पहिला हरवतो तो ठेकेदाराच्या माणसाचा बी-फॉर्म, म्हणजे खाणीच्या नोंदवहीतली त्याची नोंद. हा फॉर्म हरवला की त्या माणसाचा भविष्य निर्वाह निधी (सीएमपीएफ) नाही, उच्चाधिकार समितीच्या (एचपीसी) वेतनदराची थकबाकी नाही, आणि तो कधी खाणीत होता याचा पुरावाही नाही.

तेव्हा पेढे संपले असतील तर कामाला लागा. प्रत्येक मॅनेजर, सर्व्हेअर, ओव्हरमन आणि टाइमकीपर वाचकाने आपल्या खाणीचा एक तक्ता करावा: कायम माणसे किती, ठेकेदाराची किती, कोणाचे व्हीटीसी प्रशिक्षण झाले, कोणत्या वर्षी कोणता सीम किंवा पॅच संपणार आणि त्या दिवशी किती जण मोकळे होणार. हा तक्ता क्लोजर प्लॅनच्या पुढच्या पंचवार्षिक तपासणीला परिशिष्ट म्हणून जोडा. कोणी काढून टाका म्हटले तर तसे लेखी मागा. एक प्रत आमच्याकडे पाठवा, फेब्रुवारीच्या अंकात छापू. खाणीचे नाव हवे. पाठवणाऱ्याचे आणि कोणाही कामगाराचे नको. तक्ते 15 जानेवारीपर्यंत पोहोचावेत.