मोजल्यावाचून जपणूक नाही

मेघालयाच्या खासी व जैंतिया डोंगरांत हिवाळा आला की काही माणसे स्वखुशीने भूगर्भात उतरतात. तेथे गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. पावसाळ्यातील पाणी ओसरल्यावर ही मंडळी चिखलातून, कित्येकदा पोटावर सरपटत, टप्प्याटप्प्याने अंतर, दिशा व चढउतार टिपीत जातात आणि बाहेर आल्यावर त्यावरून नकाशा रेखाटतात. मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशन या संस्थेने परदेशी सहकाऱ्यांसह १९९२ पासून चालविलेल्या मोहिमांतून चारशे किलोमीटरांहून अधिक लांबीचे भुयारी जग कागदावर आले. क्रेम पुरी ही साडेचोवीस किलोमीटरांची गुहा वालुकाश्मातील जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहा आहे, हे २०१८ साली अशाच मोजणीतून कळले.

हा हौशी लोकांचा खेळ आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. मेघालयातील बहुतेक गुहा चुनखडीच्या आहेत आणि त्याच चुनखडीवर सिमेंटवाल्यांचा डोळा असतो. सोहरानजीकच्या मॉम्लूह गुहेतील एका चुनखांबाच्या थरांत सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ अवर्षणाची खूण सापडली आणि तिच्या आधारे पृथ्वीच्या इतिहासातील चालू कालखंडाला २०१८ साली ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. तो दगड वेळीच कोणी पाहिला नसता, तर कदाचित भट्टीत जाऊन पडला असता आणि त्याची किंमत टनावारी ठरली असती.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. गोव्याच्या सीमेलगत, खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहेतील वटवाघळांवरून १९१३ साली शास्त्राला एका नव्या जातीची ओळख पटली. कित्येक दशके जगात तिचे तेवढेच एक घर ठाऊक होते. पुढे तीच जात मेघालयातील गुहांतही आढळली. अंधारात कोणी डोकावले, म्हणूनच ना हे समजले?

आणि आपण काय केले? खाणींपायी गोव्यातील किती टेकड्या कुरतडल्या गेल्या, हे वाचकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाला २०१२ आणि २०१८ साली हस्तक्षेप करावा लागला. पण त्या टेकड्यांच्या पोटात कोणते झरे होते, कोणती विवरे होती, याचा हिशेब आज कोण देणार? ज्या डोंगराची नोंद केवळ खनिजपट्टा म्हणून होते, त्याच्या बाजूने साक्ष द्यायला कोणी उभा राहत नाही.

म्हणून गिर्यारोहण मंडळांनी आणि महाविद्यालयीन तरुणांनी, भूशास्त्राच्या अध्यापकांना सोबत घेऊन, आपापल्या तालुक्यातील गुहा, विवरे व झरे यांची पद्धतशीर नोंद हाती घ्यावी, असे आम्ही सुचवितो. ग्रामस्थांना विश्वासात घ्यावे, वनखात्याची अनुमती घ्यावी, वटवाघळांच्या वस्तीत गोंगाट करू नये आणि नाजूक जागांचा सहलींसाठी गाजावाजा टाळावा. शासनानेही कोणताही नवा पट्टा देण्यापूर्वी ही नोंद विचारात घेण्याचे बंधन स्वतःवर घालावे. काम कष्टाचे आहे, त्यात मानमरातब नाही. परंतु डोंगर गेल्यावर हळहळ करण्यापेक्षा, तो असतानाच हातात टेप घेणे हे खऱ्या भूमिप्रेमाचे लक्षण होय.