आपल्या हातचा दस्तरखान

जेवणाची वेळ झाली की आपल्या घरी दस्तरखान अंथरला जातो. कोणाकडे तो जमिनीवर अंथरतात, कोणाकडे टेबलावर. आजकाल बऱ्याच घरांत प्लॅस्टिकचा छापील दस्तरखान दिसतो. तो स्वस्त असतो आणि फडक्याने पुसता येतो. मग घरी हाताने दस्तरखान विणण्याचा खटाटोप कशाला, असे कोणीही विचारील. माझे मत असे आहे, की प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एकदा तरी हा खटाटोप करून पाहावा.

काम अवघड नाही. आधी ताटाखाली घालण्याचा लहान रुमाल विणावा. त्यासाठी लाकडी चौकट घ्यावी. तिच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर ओळीने खिळे ठोकावेत आणि त्यांवर जाड सुती धागे उभे ताणावेत. धाग्यांत अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवले, तर ३० सेंटिमीटर रुंदीत सुमारे साठ धागे बसतात. हा झाला ताणा. आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. तो मोठ्या सुईत ओवून एका धाग्याच्या वरून व दुसऱ्याच्या खालून न्यावा. परत येताना याच्या उलट करावे. प्रत्येक ओळ कंगव्याने दाबून बसवावी. बाणा फार ओढू नये, नाहीतर कडा आत जातात आणि रुमाल कंबर आवळल्यासारखा दिसतो. ताण्यात आणि बाण्यात दोन रंगांचे पट्टे घेतले की सुंदर चौकडी तयार होते. शेवटी टोकांना गाठी मारल्या की झालर झाली!

एवढ्या कामातून काय मिळते? साठांपैकी एक धागा चुकला तरी ओळ उसवावी लागते. वीतभर कापड विणायला किती वेळ लागतो, ते बोटांना कळते. मग आपण दुसऱ्याने विणलेले कापडही नीट पाहू लागतो. सोलापुरी चादरीवरची नक्षी छापलेली नसते, ती विणलेली असते, हे तेव्हा खरे समजते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरांत ही विद्या पूर्वीपासून आहे. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील अनेक मोमीन विणकर कुटुंबे मालेगावात येऊन राहिली. ती हातमागावर कापड विणत. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. संत कबीरही विणकरच होते. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा दिवस देशात राष्ट्रीय हातमाग दिवस म्हणून साजरा होतो. तरीही शाळेच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहिताना काही मुलांचा हात अडखळतो. हे मी वर्गात पाहिले आहे आणि मला त्याचे वाईट वाटते. कापड सर्वांना हवे असते. मग ते विणणाऱ्याचे काम हलके कसे?

घरी एक रुमाल विणल्याने यंत्रमागावरच्या कामगारांचे कष्ट कमी होणार नाहीत. ते तासन् तास उभे राहतात, मागांचा खडखडाट सोसतात, कापसाची धूळ श्वासाबरोबर आत घेतात. त्यांना योग्य मजुरी आणि मोकळी हवा मिळालीच पाहिजे. तुम्ही सर्वांनी विणकर व्हावे, असेही माझे म्हणणे नाही. कोणी डॉक्टर व्हावे, कोणी शिक्षक व्हावे. पण ज्याने स्वतः ताणा लावला आहे, तो विणकराला कधी कमी लेखणार नाही.

म्हणून येत्या सुटीत एक चौकट तयार करा. तुमचे अब्बा किंवा चाचा मागावर काम करत असतील, तर त्यांना जवळ बसवा. तुटलेल्या धाग्याची गाठ कशी मारायची, ते त्यांना विचारा. या विषयात तेच तुमचे उस्ताद आहेत.