सहा हॉर्सपॉवरची थाप

घरी ट्रेडमिल घ्यायची तर मोटरचा आकडा बघा, जितका मोठा तितकं यंत्र दणकट. नुसतं चालायचं असेल तर पट्टा आखूड चालतो. आणि प्रोग्रॅम भरपूर असले की कंटाळा येत नाही. असा सल्ला एका जाणकारांनी नुकताच दिला. ज्यांच्या शब्दावर माणसं हजारो रुपये मोजतात, त्यांनी इतकं बेफिकीर बोलावं याचा मला संताप येतो.

मोटरचंच घेऊ. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. खोक्यावर सहा छापलेत, म्हणजे जवळपास ४,५०० वॅट. आपल्या घरातला गीझरचा मोठा, १६ अँपिअरचा पॉइंट २३० व्होल्टला ३,६८० वॅट देतो. म्हणजे छापलेली ताकद ते यंत्र त्या पॉइंटवर सलग ओढूच शकत नाही! तो आकडा 'पीक'चा, क्षणभराच्या उसळीचा. रोज अर्धा तास चालणाऱ्याला हवा असतो तो 'कंटिन्युअस', सलग पेलायच्या ताकदीचा; आणि तो बारीक अक्षरात असतो, नाहीतर नसतोच. नव्वदच्या दशकात म्युझिक सिस्टिमवर 'पीएमपीओ'चे असेच हजारो वॅट छापलेले असायचे. तेव्हाही आम्ही याच मुद्द्यावर भांडलो, आणि तेव्हाही जाणकार म्हणवणारे विक्रेत्याचीच री ओढत होते.

बरं, मोठा आकडा सांगताना या गृहस्थांनी घेणाऱ्याचं वजन विचारलंच नाही. पाऊल टेकलं की अंगाचा भार पट्ट्याला खालच्या फळीवर दाबतो, घर्षण वाढतं, मोटरला जोर लावावा लागतो. वेग कमी असेल तर तिला थंड करणारा, तिच्याच दांड्यावरचा पंखाही मंद फिरतो. वजनदार माणसाचं सावकाश चालणं मोटरला तापवतं ते यामुळे. आणि घरात ट्रेडमिल येते ती बहुधा अशाच माणसासाठी, डॉक्टरांनी चाल म्हणून सांगितलेल्या.

आखूड पट्ट्यावर उंच माणसाने पाऊल चोरत चालायचं का? गुडघे त्याचे आहेत, सल्ला देणाऱ्याचे नाहीत. प्रोग्रॅमचं तर बोलूच नये. वेग आणि चढ बदलता आला की पुरे.

मग घ्यावी कशी? सलग ताकदीचा आकडा लेखी मागा. यंत्राची वजनमर्यादा आपल्या वजनापेक्षा चांगली वीसेक किलो जास्त हवी. पट्टा चालायला साधारण १२० सेंटिमीटर, धावायला १४०. मागे दोन मीटर मोकळी जागा सोडा आणि सेफ्टी कीची क्लिप कपड्याला लावल्याशिवाय चढू नका. फळीला सिलिकॉन तेल किती दिवसांनी द्यायचं, पट्टा सरकला तर गावात कोण येणार, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि दुकानात बूट घालून पंधरा मिनिटं चाला. चालू देत नसतील तर दुसरं दुकान गाठा.